स्वतः सोडावी की काढू द्यावी

दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावी माणसाची नोकरी गेली की ती वार्ता त्याच्या घरी पोहोचण्यापूर्वी बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर पोहोचलेली असते, आणि तेथे तिच्याविषयी एकच प्रश्न विचारला जातो : ‘काऊन बा, सोडली का काढलं?’ सोडली असे उत्तर आले तर माणूस मानी ठरतो. काढले असे आले तर त्यामागे काहीतरी भानगड असलीच पाहिजे, असे न बोलता गृहीत धरले जाते. या लोकनिवाड्याचे भय इतके खोल रुजलेले असते, की मालकाने किंवा संस्थाचालकाने ‘तुम्हीच राजीनामा द्या, म्हणजे तुमचीही अब्रू राहील’ असे दोन शब्द गोडीने सांगताच बारा-पंधरा वर्षे इमाने चाकरी केलेला गृहस्थ समोरच्याच टेबलावर, समोरच्याच कागदावर तो लिहून देतो. आणि त्या अब्रूची किंमत म्हणून आपण नेमके काय दिले, हे त्याला पुष्कळ दिवसांनी कोणी वकील सांगतो तेव्हा कळते. गावचा निवाडा आणि कायद्याचा निवाडा येथे एकमेकांच्या उलट दिशेने जातात. गावाला सोडणारा श्रेष्ठ वाटतो. कायदा मात्र आपली बहुतेक दारे काढल्या गेलेल्यासाठीच उघडी ठेवतो.

याचे एक मोठे उदाहरण वऱ्हाडच्या राजकीय इतिहासातच आहे, आणि ते आज बहुतेकांच्या विस्मृतीत गेलेले असल्यामुळे थोडे विस्ताराने सांगण्यास हरकत नाही. १९३७ च्या निवडणुकीनंतर मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले व नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे मुख्य प्रधान झाले. परंतु महाकोशलचे हिंदी भाषिक मंत्री आणि नागपूर-वऱ्हाडचे मराठी मंत्री यांचे एकमेकांशी पटेना, आणि मे १९३८ मध्ये पचमढीला घडवून आणलेला समेटही टिकला नाही. अखेर २० जुलै १९३८ रोजी डॉ. खऱ्यांनी राजीनामा दिला व वऱ्हाडचे त्यांचे दोन सहकारी, रामराव देशमुख आणि पु. ब. गोळे, यांनीही दिला. मुख्य प्रधान गेला म्हणजे मंत्रिमंडळ गेले, या संकेतानुसार उरलेल्या तिघांनीही, म्हणजे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता यांनी, आपापले राजीनामे द्यावेत अशी अपेक्षा होती. त्यांनी ते दिले नाहीत. पक्षश्रेष्ठींचा हुकूम आल्यावाचून आम्ही जागा सोडणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्या तिघांना सरळ काढून टाकले आणि डॉ. खऱ्यांच्याच नेतृत्वाखाली नवे मंत्रिमंडळ बसविले.

आता टपरीवरच्या न्यायाने पाहिले तर राजीनामा देणारे सन्मानाने वागले आणि उरलेले तिघे बेअब्रू होऊन गेले. घडले ते अगदी विपरीत. वर्ध्याला काँग्रेसची मंडळी जमली, नव्या मंत्रिमंडळाचाही राजीनामा दोन-तीन दिवसांतच देणे डॉ. खऱ्यांना भाग पडले, कार्यकारिणीने त्यांच्यावर दोष ठेवला, आणि जुलै संपण्यापूर्वी शुक्ल हे मुख्य प्रधान म्हणून व मिश्र-मेहता हे मंत्री म्हणून त्याच सचिवालयात परत आले. डॉ. खऱ्यांची बाजू अगदीच लंगडी होती असे मला वाटत नाही, आणि त्यांची कारकीर्दही तेथे संपली नाही; पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. परंतु एवढे खरे, की काढले गेलेल्यांना ‘आमच्यावर अन्याय झाला’ असे म्हणण्याची जागा उरली होती. आपल्याच सहीने पद सोडणाऱ्याला ती उरली नव्हती. बडतर्फीचा वाद हुकूम निघाल्यानंतरही जिवंत राहतो, तर राजीनामा मंजूर झाला की वादच मिटतो, आणि तो मिटविण्याचे काम ज्याचे नुकसान व्हायचे असते त्यानेच केलेले असते.

मंत्र्यांचे सोडा, त्यांच्या घरची चूल खुर्चीवर अवलंबून नव्हती. गावातल्या एखाद्या सरकीच्या तेलगिरणीत पंधरा-वीस माणसे कामाला आहेत, आणि त्यांपैकी हिशेबाच्या कारकुनाची नोकरी बारा वर्षे झाली असून त्याला महिना १५,६०० रुपये पगार मिळतो, असे धरू. धंदा मंदावला व मालकाला एक माणूस कमी करावयाचा आहे. राजीनामा दिला काय किंवा कमी केले काय, भविष्य निर्वाह निधी त्याचाच. उपदानही (ग्रॅच्युइटी) पाच वर्षांची अखंड सेवा झालेली असल्यामुळे दोन्ही परीने मिळते, आणि ते पगाराला २६ ने भागून, १५ ने व पुन्हा वर्षांनी गुणून, १,०८,००० रुपये होते. येथपर्यंत फरक नाही. पण त्याला ‘कमी केले’ असेल तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्याऐवजी तेवढा पगार, आणि शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांचे सरासरी वेतन मालकाने द्यावे लागते. हा हक्क १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली दाखल झाला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून जिचा अंमल सुरू झाला त्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तो कायम आहे. पंधरा दिवस म्हणजे ढोबळ मानाने अर्धा महिना धरला तर नोटिशीचे १५,६०० आणि नुकसानभरपाईचे ९३,६०० मिळून १,०९,२०० रुपये होतात. मालकाच्या गोड शब्दांनंतर या कारकुनाने केलेल्या एका सहीची किंमत ती हीच. सात महिन्यांचा पगार. त्याहून सूक्ष्म असा एक हक्क आणखी जातो : त्याच प्रकारच्या कामगारांत जो शेवटी आला तो आधी जावा, आणि पुढे पुन्हा माणसे घ्यावयाची झाल्यास कमी केलेल्यांना आधी विचारावे, हा नियम राजीनामा देणाऱ्याला लागू पडत नाही.

व्यवस्थापक आणि वरच्या पगाराचे पर्यवेक्षक या संरक्षणाच्या बहुतांशी बाहेर राहतात. त्याचप्रमाणे जिनिंग-प्रेसिंगमधला हंगामी मजूरही व्यवहारात बाहेरच पडतो. कारण अखंड सेवेसाठी वर्षात २४० दिवस काम लागते, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होणारा कापसाचा हंगाम उन्हाळ्यात संपला की त्याचा हिशेब होऊन तो मोकळा होतो. त्याला कोणी काढत नाही, तोही सोडत नाही; कापूस संपतो आणि नोकरी संपते.

याच मुलखात एक जुनी चाल अशी आहे, की तिच्यात सोडणे आणि काढणे हा भेदच मुळी उत्पन्न होऊ नये अशी तजवीज केलेली आढळते. शेतावरचा सालदार गुढीपाडव्यापासून साल धरतो आणि पुढचा पाडवा आला की ते पुरे होते. त्या दिवशी जुना हिशेब मिटतो, नवा बोलला जातो, आणि पटले नाही तर गडी दुसऱ्याच्या बैलांना वैरण टाकू लागतो. साल पुरे करून गेलेल्या सालदाराच्या बाबतीत चावडीवर कोणी चौकशी करीत नाही, कारण जाण्याचा दिवस पंचांगानेच ठरवून दिलेला असतो. ही चाल गोड मानून घेण्याचे मात्र कारण नाही. सालाच्या आरंभी घेतलेली उचल फिटल्याशिवाय गड्याला पाय काढता येत नसे, आणि त्या उचलीपायी पिढ्या वेठीस धरल्या जात म्हणून तर १९७६ साली वेठबिगार नष्ट करण्याचा कायदा करावा लागला. तरीही जाण्यासाठी वर्षातून एक निर्मळ दिवस असावा, ही कल्पना शहाणपणाची होती. आजच्या मासिक पगाराच्या नोकरीत तसा दिवस उरलेला नाही, म्हणून प्रत्येक जाण्याला दोषी शोधावा लागतो.

सरकारी नोकराच्या बाबतीत मामला अधिकच कठोर आहे, आणि विचित्र गोष्ट अशी की तो पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसतो. महाराष्ट्राचे १९८२ चे निवृत्तिवेतन नियम सांगतात, की राजीनामा दिल्यास आधीची सारी सेवा जप्त होते. बडतर्फीनेही तीच जप्त होते. म्हणजे निवृत्तिवेतनापुरते पाहिले तर, रागाच्या भरात राजीनामा फेकणारा प्रामाणिक कारकून आणि अफरातफरीत सापडून बडतर्फ झालेला त्याचा शेजारी हे एकाच पंक्तीला बसतात. नव्हे, सेवेतून काढून टाकलेल्याला क्वचित दयेखातर काही वेतन मंजूर होऊ शकते, राजीनामा देणाऱ्याला तेही नाही. यातून सुटण्याची वाट एकच : वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागावी, आणि अर्जात ‘राजीनामा’ हा शब्द चुकूनही येऊ देऊ नये. दुसऱ्या सरकारी पदावर जावयाचे असेल तर अर्ज रीतसर मार्गाने, परवानगी घेऊन करावा. म्हणजे ती सेवा जोडून मिळते. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नोकरीत आलेल्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांच्यासाठी अंशदानाची योजना आली व तिच्या खात्यातली रक्कम त्यांची राहते. पण तालुक्याच्या कचेऱ्यांत अजूनही जुन्या नियमांखालील पुष्कळ माणसे आहेत. एका शब्दाने काय होते, हे दिल्लीच्या वीजपुरवठा संस्थेतील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात दिसले. जुलै १९९० मध्ये त्याने राजीनामा दिला होता. वीस वर्षे भरली होती, तेव्हा ती स्वेच्छानिवृत्तीच समजावी, असे त्याचे म्हणणे होते. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले : राजीनामा तो राजीनामा, आणि त्याने सेवा जप्त झाली. तेवढे शब्द पडताळून पाहण्यात त्या माणसाच्या आयुष्याची एकोणतीस वर्षे गेली.

खासगी शाळांचा प्रश्न वऱ्हाडात विशेष जिव्हाळ्याचा आहे, कारण येथे शिक्षणसंस्था गावोगाव आहेत आणि सुशिक्षित तरुणाची पहिली धाव बहुधा त्यांच्याचकडे असते. १९७७ च्या महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायद्याचे सातवे कलम ज्याने सावकाश वाचले असेल त्याला ते लिहिणाराने काय काय पाहिले होते याची कल्पना यावी. राजीनामा देऊ इच्छिणाऱ्या कर्मचाऱ्याने राजीनाम्याच्या दोन प्रती तयार कराव्यात, दोहोंवर सही करावी, तारीख घालावी, एक प्रत व्यवस्थापनाकडे नोंदणीकृत डाकेने पाठवावी आणि दुसरी आपल्याजवळ ठेवावी, असे ते सांगते. एवढ्या किरकोळ तपशिलाचे कलम विधिमंडळाने का करावे? कारण नेमणुकीच्या हुकुमाबरोबरच तारखेविना राजीनाम्यावर सही घेऊन तो तिजोरीत ठेवण्याची पद्धत काही संस्थाचालकांत होती. शिक्षक डोईजड झाला, किंवा त्याच्या जागी कुणाचा भाचा आणावयाचा झाला, की त्या कागदावर सोयीची तारीख पडे. डाकेची पावती आणि जवळची प्रत या दोन क्षुद्र वस्तू त्या कटाला आडव्या येतात. पोस्टाच्या खिडकीवर जाण्याचा कंटाळा करून मुख्याध्यापकांच्या हाती राजीनामा ठेवणारा शिक्षक आपले कवच आपणच काढून ठेवतो.

उलट, त्याच शिक्षकाला काढून टाकले तर त्याला अमरावतीच्या शाळा न्यायाधिकरणापुढे तीस दिवसांत अपील करता येते. न्यायाधिकरण त्याला परत रुजू करून घ्यावयास सांगू शकते, थकलेला पगार देववू शकते, आणि परत घेणे उचित नसेल तर दहा वर्षे किंवा अधिक सेवा असल्यास बारा महिन्यांचे व कमी असल्यास सहा महिन्यांचे वेतन भरपाई म्हणून देववू शकते. राजीनामा देणाऱ्याला तेथे उभे राहण्यासाठी आधी तो राजीनामा बळजबरीचा होता हे सिद्ध करावे लागते. आणि बंद खोलीत दोघांत झालेल्या बोलण्याचा साक्षीदार कोठून आणावयाचा? इंग्लंडमध्ये मालकाने वागणूक असह्य करून सोडावयास लावले तर तो राजीनामाही बडतर्फीच मानण्याचा सिद्धान्त चांगला रुळला आहे. अमेरिकेच्या राज्यांतून मात्र सबळ कारणावाचून स्वतः नोकरी सोडणाऱ्याला सामान्यतः बेकारभत्ता नाकारतात. आपल्याकडील न्यायालयेही बळजबरीचा राजीनामा मानतात, पण पुराव्याशिवाय मानीत नाहीत. म्हणून दडपण आले असेल तर दुसऱ्याच दिवशी नोंदणीकृत डाकेने तसे लिहून कळवावे. सहा महिन्यांनी सुचलेल्या तक्रारीवर कोणाचा इतबार बसत नाही.

काढले गेलेले परत येऊ शकतात, याचा अनुभव दर्यापूरच्या आगाराने अलीकडेच घेतला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस राज्य परिवहन महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी संप सुरू केला; राज्यभरची आगारे बंद पडली, खेड्यांतली पोरे शाळेला मुकली, आणि महामंडळाने हजारो चालक-वाहकांना निलंबित व बडतर्फ केले. विलीनीकरण काही झाले नाही. परंतु एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर परतण्याची मुदत दिली आणि परतणाऱ्यांना नोकरीवरून काढू नये असे सांगितले, तेव्हा बडतर्फीचे हुकूम हातात असलेली माणसेही पुन्हा कामावर रुजू झाली. संपाच्या त्या दारुण महिन्यांत ज्याने वैतागून राजीनामा दिला असेल व तो मंजूर झाला असेल, त्याला या हुकुमाचा आधार घेणे अवघड होते. संप शहाणपणाचा होता की नव्हता हा निराळा प्रश्न. त्यावर माझे मत फारसे अनुकूल नाही.

दर्यापूरहून अंजनगाव ओलांडून अचलपूरला गेले तर तिसरीच अवस्था दिसते. तेथली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची फिनले मिल मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या इतर गिरण्यांबरोबर थांबली, आणि पुढे ती पूर्ववत अशी चालली नाही. कामगारांना कोणी काढले नव्हते आणि त्यांनी सोडलेही नव्हते. नाव मस्टरवर, पगार अर्धामुर्धा, हात रिकामे. अशा कामबंदीत कंटाळून राजीनामा देण्याचा मोह अनावर होतो, आणि नेमक्या त्याच वेळी तो सर्वांत महाग पडतो, कारण गिरणी कायमची बंद झाली तर मिळावयाची भरपाई नाव मस्टरवर असणाऱ्यालाच मिळावयाची असते. दुसरे काम मिळत असेल तर गोष्ट निराळी; तरुण कामगाराने त्या भरपाईच्या आशेवर आयुष्याची पाच वर्षे घालवावीत, असे कोणी सांगू नये.

याचा अर्थ राजीनामा कधीच देऊ नये असा नाही. नव्या जागेचा लेखी हुकूम हाती असेल, तर मुदत पाळून, दाखला घेऊन, हसतमुखाने जावे. लहान गावात जुना मालक पुन्हा कोणत्या तरी पंगतीत शेजारी बसणारच असतो. आपल्यावरचा आरोप खरा आहे हे आपल्या मनाला ठाऊक असेल, तर खासगी नोकरीत दोषारोपपत्र येण्यापूर्वी निघून जाणेच हिताचे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याबद्दल बडतर्फी झाली तर उपदानही जप्त होऊ शकते, आणि सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेल्याला पुढे सामान्यतः सरकारी दार बंद होते. (सरकारी खात्यात मात्र चौकशी चालू असता राजीनामा सहसा मंजूरच करीत नाहीत, तेव्हा तेथे ही पळवाट गृहीत धरू नये.) तत्त्वासाठी दिलेल्या राजीनाम्याला तर हिशेबच लागू नाही. १८९० साली टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, १९५६ साली चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले. परंतु त्यांचा दाखला देऊन पतसंस्थेतल्या कारकुनाला त्याग शिकविणारे लोक बहुधा स्वतः सुरक्षित जागी बसलेले असतात.

त्याच पतसंस्थेतल्या विवाहित मुलीला बाळंतपणाच्या तोंडावर ‘आता तुला झेपायचं नाही गं, राजीनामा दे, नंतर बघू’ असे सांगतात, ते तर आणखी कावेबाज. आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झाले असेल तर पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा हा तिचा हक्क आहे, आणि त्या रजेत तिला काढणे बेकायदा आहे. मालकाला जे करण्याची मनाई आहे तेच तिने आपल्या हाताने करून द्यावे, एवढाच त्या मायेच्या शब्दांचा अर्थ.

रागावून कामावर जाणेच बंद करणे हा आमच्याकडचा आवडता तिसरा मार्ग. तो सर्वांत वाईट. कारण गैरहजेरीला मालक ‘स्वतःहून सोडून गेला’ असे नाव देतो. तरी तेवढ्यावरून नाव कापता येत नाही, आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये बजावले आहे. आणि राजीनामा देऊन चुकल्यावर पश्चात्ताप झाला, तरी अगदीच सारे संपत नाही. पुढील तारखेपासून अमलात यावयाचा राजीनामा ती तारीख उजाडेपर्यंत मागे घेता येतो, हे त्याच न्यायालयाने १९७८ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशाच्याच प्रकरणात ठरविले. मात्र काही नोकऱ्यांचे नियम यालाही मुरड घालतात, म्हणून आपल्या सेवेचे नियम पाहून घ्यावेत. तेव्हा राजीनामा द्यावयाचाच झाला तर ‘आजपासून’ असे न लिहिता महिन्या-दोन महिन्यांपुढची तारीख त्यात घालावी, पोच घ्यावी, आणि मागे घ्यावयाचा झाल्यास तोही अर्ज डाकेनेच, पावती जपून, त्या तारखेच्या आत पोहोचेल असा पाठवावा.